बंदराची जमीन, शहराचा किनारा

मुंबईला दोन किनारे आहेत, याची आठवण मुंबईकरांना सहसा होत नाही. समुद्र म्हटला की डोळ्यांपुढे येते ती चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी किंवा जुहू. म्हणजे सूर्यास्ताची बाजू. सूर्य जेथून उगवतो ती बाजू गेली दीडशे वर्षे भिंतींआड, फाटकांआड आणि गोदामांआड आहे. जून २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग सुरू झाला, तेव्हा चेंबूरकडून दक्षिण मुंबईत येणाऱ्या हजारो लोकांना हा किनारा पहिल्यांदाच वरून दिसला. पत्र्याची गंजलेली छपरे, लोखंडाच्या कांबींचे ढीग, तेलाच्या टाक्या, मधूनच एखाद्या भंगारात निघालेल्या जहाजाचा सांगाडा आणि त्या सगळ्याच्या पलीकडे पाण्याची राखाडी पट्टी. जगातील अत्यंत महागड्या जमिनींत जिची गणना व्हावी, अशी ही जमीन अशी का पडून आहे, हा प्रश्न त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येऊन जातो. तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. कारण कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पसरलेली ही सुमारे १,८०० एकर जमीन एकाच मालकाची आहे, आणि तो मालक सार्वजनिक आहे.

ही मालकी आली कशी, हे पाहिल्याखेरीज आजचा गुंता उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या पूर्व बाजूला चिखलाची खाजणे होती आणि जागोजागी खासगी व्यापाऱ्यांनी बांधलेले धक्के होते. भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा भाऊचा धक्का ही त्याच काळाची आठवण. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने किनाऱ्यालगत मोठ्या प्रमाणावर भराव टाकून जमीन निर्माण केली. कापसाच्या तेजीचे ते दिवस होते. मात्र शहराचा सगळा व्यापार ज्या किनाऱ्यावरून चालतो तो किनाराच एका खासगी कंपनीच्या मुठीत जात आहे, हे सरकारच्या ध्यानात आले, आणि १८७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. पुढे १८७३ मध्ये कायदा करून मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. म्हणजे किनाऱ्यावर कोणा एकाची मक्तेदारी नको, या विचारातून ही संस्था जन्माला आली. आज तिच्या जमिनीच्या भवितव्यावर चाललेल्या वादात या मूळ हेतूचा उल्लेख फारसा होत नाही.

नंतरच्या चाळीस वर्षांत ट्रस्टने किनाऱ्याचा चेहरामोहराच पालटला. अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेली गोदी ट्रस्टने चारच वर्षांत ताब्यात घेतली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, त्याच दशकात व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, उभी राहिली. १९१५ मध्ये ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. किनाऱ्यावरील बंदरांची नावे तेथे उतरणाऱ्या मालावरून पडली: लाकडी बंदर, कोळसा बंदर, दाणा बंदर, लोहा बंदर. शिवडीला कापसाच्या गासड्यांसाठी प्रचंड गोदामे बांधली गेली आणि जवळच्या स्थानकाला कॉटन ग्रीन असे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटावरील मुंबईच्या एकूण भूभागाचा सुमारे आठवा हिस्सा या एका संस्थेच्या मालकीचा होता.

याच काळातील एक उदाहरण येथे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या माती-दगडाच्या भरावावर ट्रस्टने सुमारे २२ एकरांची एक नवी व्यापारी पेठ वसवली. ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला मिळाले. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांच्यावर तिच्या रचनेची जबाबदारी होती. भूखंड वेगवेगळ्या कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले गेले. परंतु रस्ते आधी आखले गेले, इमारतींची उंची ठरवून दिली गेली आणि दर्शनी भाग कोणत्या धर्तीचा असावा याचेही नियम आधीच घातले गेले. ज्याला हे मान्य त्याने भूखंड घ्यावा. १९१४ ते १९१८ या महायुद्धाच्या वर्षांत हे सारे पार पडले. आजही रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटमधून फेरफटका मारणाऱ्याला एका हाताने आखलेला मुंबईचा तुकडा पाहिल्याचे समाधान मिळते. तेव्हा बंदराच्या जमिनीवर शहर कसे वसवावे, याचा धडा गिरवण्यासाठी परदेशात जाण्याची निकड तशी नाही. तो धडा ट्रस्टच्याच दप्तरात आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि गोदी परिसराची राखरांगोळी झाली. आग विझवताना ६६ जवान कामी आले. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मृतीसाठी आहे. त्या आघातातून बंदर सावरले. मात्र पुढच्या पन्नास वर्षांत जे बदल आले ते स्फोटासारखे आवाज करीत आले नाहीत, आणि त्यातून सावरण्याचा मार्गही नव्हता. जहाजे मोठी होत गेली, त्यांना अधिक खोल पाणी लागू लागले. गोणी आणि पेट्यांऐवजी माल कंटेनरमधून येऊ लागला. कंटेनर उतरवायला आणि रचायला मोकळी, सपाट, विस्तीर्ण जागा लागते. दाटीवाटीच्या शहरातून ट्रेलर बाहेर काढायला रुंद रस्ते लागतात. मुंबई बंदरात यांपैकी काहीच नव्हते. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे सरकली. दाणा बंदरचा धान्यबाजार १९९० च्या दशकात वाशीला गेला. पोलादाच्या व्यापाऱ्यांसाठी कळंबोलीला नवी बाजारपेठ उभारली गेली, तरी त्यातील काहींनी दारूखाना सोडला नाही.

बंदर मात्र बंद पडलेले नाही, हे समजून घेतले पाहिजे. मुंबई बंदरातून आजही वर्षाकाठी ६ कोटी टनांहून अधिक मालाची ने-आण होते. गंमत अशी की, त्यातील निम्म्याहून अधिक भाग कच्चे तेल आणि तेलाची उत्पादने यांचा आहे. टँकर जवाहर द्वीपाला लागतात आणि तेथून तेल समुद्राखालील वाहिन्यांतून माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. या व्यवहाराला शिवडीच्या गोदामांची किंवा रे रोडच्या वखारींची काडीचीही गरज लागत नाही. माल वाढतो आहे, पण त्याला लागणारी शहरातील जमीन कमी होते आहे. नौदलाची गोदी, माझगाव डॉक, इंदिरा गोदी आणि ससून डॉकची मासेमारी ही ठिकाणे कामाची आहेत आणि राहणारही आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या मधल्या आणि उत्तरेकडच्या शेकडो एकरांचा.

या जमिनीबाबत घाईने घेतलेला निर्णय काय करू शकतो, याचे उदाहरण प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन जुन्या गोद्यांचेच आहे. न्हावा-शेवाशी स्पर्धा करण्यासाठी भर समुद्रात कंटेनर धक्का उभारण्याचे कंत्राट २००७ मध्ये दिले गेले. कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून या दोन गोद्या भराव टाकून बुजवण्यात आल्या. धक्का बांधला गेला, पण तो कंटेनर धक्का म्हणून ठरल्याप्रमाणे चालू झालाच नाही. एकोणिसाव्या शतकातील घडीव दगडांच्या त्या दोन बंदिस्त जलाशयांभोवती लंडन किंवा हँबर्गमध्ये अख्खी वस्ती उभी राहिली असती. आपल्याकडे ते पाणीच गेले.

किनाऱ्याची पुनर्रचना करावी हा विचार नवा नाही. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि कमला रहेजा वास्तुकला महाविद्यालय यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या किनाऱ्याचा बारकाईने अभ्यास करून कोणत्या जमिनीवर काय चालते, याची मांडणी केली होती. बंदराची हद्द हे शहराच्या नकाशावरचे कोरे पान असल्यासारखे तेव्हापर्यंत वागवले जात असे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ट्रस्टच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने खुल्या जागा, सार्वजनिक वाहतूक आणि संमिश्र वापराची वस्ती अशी दिशा दाखवली. बंदराची जमीन बिल्डरांना दिली जाणार नाही, असे तत्कालीन नौकानयनमंत्री नितीन गडकरी यांनी त्या सुमारास वारंवार सांगितले. २०१८ मध्ये राज्य सरकारने या क्षेत्रासाठी पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले आणि डिसेंबर २०१८ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. किनाऱ्यालगत फिरण्याचा मार्ग, हाजीबंदर-शिवडी भागात विस्तीर्ण उद्यान, पर्यटन नौकांचे धक्के, कार्यालये आणि व्यापारी इमारती असे त्याचे चित्र होते.

चित्र आकर्षक होते, याबद्दल दुमत नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर भरते. भायखळा, माझगाव, डोंगरी, शिवडी या भागांत तर तीही नाही. अशा शहराला किनाऱ्यावरचे उद्यान कोणी नको म्हणणार नाही. पण आराखड्याकडे पाहताना रंगांपेक्षा एक वेगळी गोष्ट तपासावी लागते: ही जमीन कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर हातातून जाणार आहे?

मुळात या प्रकरणातील अडचण अशी की, जमिनीचा मालक आणि नियोजनकर्ता एकच आहे. महापालिकेने आराखडा केला तर तिला त्या जमिनीतून भाडे मिळत नसते. निदान नियोजन करताना तिचे हात त्या अर्थाने मोकळे असतात. बंदराचे तसे नाही. मालाच्या हाताळणीसाठी एके काळी बंदरात कामगारांची फार मोठी फौज होती. ते सारे निवृत्त होत गेले आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार बंदराच्या तिजोरीवर आहे. मिळकत वाढवण्याचे बंदराच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन जमीन हेच होय. उद्यानासाठी सोडलेला प्रत्येक एकर हा त्याच्या हिशेबात बुडालेले उत्पन्न आहे. यात कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. व्यवस्थेची रचनाच अशी आहे. २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याने ट्रस्टचे प्राधिकरण झाले, नाव बदलले, कारभाराची मुभा वाढली. हा पेच मात्र जागच्या जागी राहिला.

त्यात अधिकारांची वाटणी भलतीच विचित्र. जमीन केंद्राच्या नौवहन मंत्रालयाखालील संस्थेची. आराखड्याला मंजुरी राज्याच्या नगररचना कायद्यानुसार. पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते महापालिकेकडून हवेत. किनारपट्टी नियमन क्षेत्राची परवानगी पर्यावरण खात्याची. झोपडपट्टी पुनर्वसनाची राज्याची योजना केंद्राच्या जमिनीला केंद्राच्या संमतीशिवाय लागू करता येत नाही. त्यामुळे बंदराच्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी हजारो कुटुंबे शेजारच्या वस्तीचे पुनर्वसन होताना पाहत राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे याच गोद्यांत हमाली करायला आलेले होते. नव्या किनाऱ्यावर त्यांना घर मिळणार की त्यांना माहुलसारख्या टोकाला नेऊन टाकले जाणार, याचे उत्तर उद्यानाच्या नकाशात सापडत नाही.

भाडेकरूंचा प्रश्न आणखी निराळा आहे. ट्रस्टने एके काळी दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे दिले. त्यांतील अनेकांची मुदत संपली, भाडेवाढीवरून तंटे सुरू झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जमशेद होरमसजी वाडिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जानेवारी २००४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक संस्था ही खासगी घरमालकासारखी जास्तीत जास्त भाडे उकळण्याच्या मागे लागू शकत नाही, तिचे वागणे न्याय्य आणि वाजवी असले पाहिजे; त्याच वेळी बाजारभावाचा विचारच करू नये असेही नाही. या दोहोंमधली वाट कोणती, यावर नंतरही खल होतच राहिला. केंद्राने २०१४ मध्ये बंदरांच्या जमिनींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली, तेव्हा मुंबई, कोलकाता आणि कांडला येथील नागरी वसाहतींच्या जमिनी त्यांतून वगळल्या. त्यांच्यासाठी धोरण निराळे हवे, हे उघड होते. हा तपशील रूक्ष वाटेल. परंतु पट्टा किती वर्षांचा, तो कोणाला, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या अटींवर, यावरच किनारा सार्वजनिक राहणार की नाही हे ठरते. तीस वर्षांच्या पट्ट्यावर कोणी टिकाऊ वस्ती उभारीत नाही, आणि नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा म्हणजे व्यवहारात विक्रीच.

मुंबईकरांना या गोष्टीचा अनुभव नाही, असे म्हणता येणार नाही. गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. मध्य मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची साधारण तिहेरी वाटणी ठरवली: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून रस्ते, मैदाने, घरे कशी जोडता येतील हे दाखवले. तो अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, असे झाले. मोकळी जागा गिरणीत असणार ती किती! मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मूळ वाटणीच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नियमातील एका शब्दरचनेने एवढा फरक पडला. आज लोअर परळला काचेच्या मनोऱ्यांखाली सायंकाळी जी कोंडी होते, तिचे मूळ त्या शब्दरचनेत आणि प्रत्येक गिरणी सुटी सुटी विकसित होऊ देण्यात आहे. रस्ते गिरणगावाचेच राहिले, माणसे मात्र दहापट आली.

बंदराच्या जमिनीला गिरण्यांपेक्षा एक मोठा फायदा आहे. तेथे अनेक मालक होते, त्यांतील बरेच खासगी. येथे मालक एक आहे आणि तोही सार्वजनिक. एकदा पट्टे वाटले गेले की हा फायदा कायमचा संपतो.

जगातील इतर बंदरांनी काय केले, याचे दाखले आपल्याकडे हौसेने दिले जातात, पण बहुतेक वेळा इमारतींची छायाचित्रे पाहून. लंडनमध्ये १९८१ मध्ये गोदी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने स्थानिक नगर परिषदांचे नियोजनाचे अधिकार स्वतःकडे घेतले आणि बाजाराला मोकळीक दिली. कॅनरी व्हार्फचा पहिला उत्तुंग मनोरा १९९१ मध्ये उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याची विकासक कंपनी ऑलिंपिया अँड यॉर्क दिवाळखोरीत गेली. कारण साधे होते. जागा होती, इमारत होती. तेथपर्यंत पोहोचायला पुरेशी रेल्वे नव्हती. ज्युबिली मार्गाचा विस्तार १९९९ मध्ये आला, तेव्हा कोठे त्या भागाने बाळसे धरले. गोदी कामगारांच्या जुन्या वस्त्यांना मात्र नव्या कार्यालयांतील नोकऱ्या क्वचितच मिळाल्या, ही तक्रार तेथे आजही ऐकू येते.

हँबर्गची गोष्ट वेगळी आहे आणि मुंबईच्या दृष्टीने अधिक उपयोगाची. एल्बे नदीकाठची १५७ हेक्टर जुनी बंदरभूमी शहराने आधी गाजावाजा न करता आपल्या हाती घेतली. योजना जाहीर केली १९९७ मध्ये आणि बृहत् आराखडा केला २००० मध्ये. त्यासाठी शहराच्याच मालकीची कंपनी स्थापन झाली. जमिनीच्या विक्रीतून रस्ते, पूल आणि काठावरचे सार्वजनिक मार्ग उभे राहतात. लक्षणीय आहे ती भूखंड देण्याची पद्धत. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला भूखंड मिळत नाही. निवडीत प्रस्तावाच्या गुणवत्तेचे वजन सुमारे ७० टक्के आणि किमतीचे ३० टक्के. निवड झाल्यावरही जमीन लगेच नावावर होत नाही. विकासकाने ठरावीक मुदतीत वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, आराखडे करायचे, बांधकाम परवाना मिळवायचा, मग जमीन. त्यामुळे भूखंड अडवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याला तेथे वाव उरत नाही. पुराचा धोका ओळखून इमारतींचे जोते आणि रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचावर घेतले आहेत. तिथेही सारे आलबेल झाले असे नव्हे. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या एल्ब फिलहार्मोनी या संगीतगृहाचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पटींनी वाढला आणि करदाते संतापले. पण काठ मात्र सर्वांसाठी खुला राहिला.

मुंबईत सर्वाधिक बोलीची पद्धत सरकारी यंत्रणेच्या हाडीमाशी भिनली आहे. तिच्यात पारदर्शकता आहे, लेखापरीक्षकाला उत्तर देणे सोपे जाते. पण सर्वाधिक बोली लावणारा ती वसूल करण्यासाठी सर्वाधिक बांधकाम मागणार, हे ओघानेच आले. बोली पद्धत ठेवायचीच असेल, तर रस्ते, उद्याने, किनाऱ्याचा सलग पट्टा आणि पुनर्वसनाची घरे यांचे भूखंड आधी कायदेशीररीत्या वेगळे काढून, प्रत्यक्ष जागेवर आखून, शक्य तर महापालिकेच्या ताब्यात देऊन मगच उरलेल्या जमिनीची बोली लावणे हा एक मार्ग उरतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये शंभर वर्षांपूर्वी रस्त्यांच्या बाबतीत नेमके हेच केले गेले होते.

जमीन म्हणजे कोरा कागद नव्हे, ही गोष्टही आराखड्यांत हरवते. दारूखान्यात कित्येक दशके जहाजे तोडली गेली. देशाची पहिली विमानवाहू नौका विक्रांत हिचा शेवटही २०१४ नंतर येथेच झाला. तेल, रंग, ॲस्बेस्टॉस, जड धातू यांचे अंश त्या चिखलात मुरले आहेत. हाजीबंदरावर कोळशाचे डोंगर असत आणि त्यांची भुकटी शिवडीच्या घराघरांत जाई. अशा मातीवर मुलांच्या खेळण्याची बाग करायची, तर आधी माती तपासणे आणि शुद्ध करणे आले. तो खर्च कोणी करायचा?

पाण्याचेही तसेच. ही सगळी भरावाची, सखल जमीन आहे. भायखळा, परळ, लालबाग येथे पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा मोठा भाग याच बाजूने खाडीत जातो. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून दारे बंद करून, रे रोडच्या ब्रिटानिया केंद्रातून ते पंपाने बाहेर टाकावे लागते. उद्या किनाऱ्यावर सलग उंच जोते बांधले, तर नवी वस्ती कोरडी राहील आणि मागचे भायखळा अधिक बुडेल. हँबर्गची जोती तशीच्या तशी येथे आणता येणार नाहीत, ती यामुळे. शिवडीच्या दलदलीत हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी हे तर आता मुंबईचे मानचिन्ह झाले आहेत. ती दलदल आणि तिच्यालगतची खारफुटी पाणी जिरवण्याचेही काम करते, हे त्या गुलाबी थव्यांच्या कौतुकात विसरले जाते.

आराखड्याचा मसुदा आल्यानंतर किनाऱ्यावर काही घडलेच नाही, असे नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वडाळ्याहून गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणाऱ्या मेट्रो ११ ला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. ऑरेंज गेटहून मरीन ड्राइव्हकडे जाणारा भुयारी मार्ग हाती घेण्यात आला. यांतील प्रत्येक प्रकल्पाची स्वतंत्र यंत्रणा आहे, स्वतंत्र निधी आहे आणि प्रत्येकाने किनाऱ्यावरची आपल्याला हवी ती जागा उचलली आहे. आराखड्याने प्रकल्पांची जागा ठरवावी, त्याऐवजी प्रकल्पच आराखड्याची जागा ठरवू लागले आहेत. मेट्रोचे स्वागत केले पाहिजे. लंडनने दहा वर्षे उशिरा केले ते येथे आधी होऊ शकते. मात्र स्थानके कोठे येणार हे एकदा ठरले की, जमिनीचे भाव कोठे चढणार हेही ठरते. सार्वजनिक घरांचे आणि उद्यानांचे भूखंड त्याआधी मुक्रर झाले नाहीत, तर ते स्थानकांपासून दूर, उरलेल्या कोपऱ्यांत जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

याहून साधा एक प्रश्न आहे, आणि तो चालण्याचा आहे. माझगाव, घोडपदेव, कॉटन ग्रीन येथील माणूस किनाऱ्यापासून एखाद्या किलोमीटरवर राहतो. तरी त्याला पाणी दिसत नाही. मध्ये हार्बर रेल्वेचे रूळ आहेत, बंदराच्या रेल्वेचे जुने फाटे आहेत, अवजड वाहनांचा रस्ता आहे आणि शेवटी बंदराची भिंत आहे. उत्तर-दक्षिण जाण्यासाठी मुक्त मार्ग आहे, उपनगरी गाडी आहे, उद्या मेट्रो असेल. पूर्व-पश्चिम जाण्यासाठी आहेत ते मोजके पूल, आणि तेही ब्रिटिश काळात बैलगाड्यांसाठी आखलेल्या जागी. त्यांपैकी रे रोडच्या पुलाच्या जागी केबलचा नवा पूल २०२५ मध्ये खुला झाला. कर्नाक पुलाच्या जागीही त्याच वर्षी सिंदूर पूल उभा राहिला. रे रोडचा पूल देखणा आहे, रात्री त्यावर दिवे लागतात आणि भायखळ्याची पोरे तेथे छायाचित्रे काढायला जमतात. पूल उतरून पूर्वेला बॅरिस्टर नाथ पै मार्गावर आले की ट्रकांची रांग लागते, मग वखारी, आणि मग दगडी भिंत. तिच्या पलीकडे भरतीचे पाणी किती चढले आहे, ते भिंतीच्या या बाजूने कळत नाही.